माझी चामड्याची जर्किनं

(आपल्या सामुदायिक रेडिओवर या हिवाळ्यात झालेलं हे भाषण. बोलणं जसं होतं तसंच ठेवलं आहे.)

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापा, गोठा झाडा, मी आपली बोलत राहते.

पहाटे साडेपाचला डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बायका मला लांबून ओळखतात त्या अंगातल्या जर्किनवरून. चामड्याचं, तपकिरी, जुनाट दिसणारं, मोठ्या कॉलरचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्या संगमनेर-अकोल्याकडे स्कुटीवर पुढे कॅन ठेवून सहा किलोमीटर जायचं म्हणजे काय, ते ज्या जातात त्यांना ठाऊक आहे. स्वेटरातून वारं आरपार जातं, शालीचं टोक चाकात जायची भीती. चामड्यातून वारं जात नाही. माझी सुरुवात एवढ्यावरच झाली. आवड नंतर लागली.

आज माझ्याकडे सहा जर्किनं आहेत. हो, सहा. सासूबाई म्हणतात, "आपल्या घरात पलटणीत कुणी नव्हतं, ती कसर सुनेनं भरून काढली." नवरा काही म्हणत नाही, पण थंडी पडली की त्यातलंच एक घालून रानात पाणी द्यायला जातो. रेडिओच्या ताई म्हणाल्या, यावरच बोला. मी म्हटलं, बायका हसतील. त्या म्हणाल्या, हसू देत, पण फसवल्या गेल्या आहेत त्या कान देऊन ऐकतील. तर आधी माझ्या फसवणुकीचं सांगते.

पहिलं जर्किन मी एका सेलमधून घेतलं. मोठा मांडव होता, गर्दी होती, वर पाटी होती 'प्युअर लेदर'. काळं, चकचकीत, अठ्ठावीसशे रुपये. भिशी लागली होती, तेच पैसे. एक हिवाळा झोकात गेला. पावसाळ्यात कपाटात ठेवलं आणि गणपतीच्या सुमाराला काढलं तर कोपराला पापुद्रे सुटलेले. हात लावला की काळे तुकडे गळायचे, साप कात टाकतो तसे. आतून पांढरं कापड दिसायला लागलं. पावती घेऊन गेले. तो माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, पावती वाचा. 'लेदर फिनिश' लिहिलंय." म्हणजे चामड्यासारखं दिसणारं. पाटीवर एक आणि पावतीवर दुसरं.

ते होतं पीयू, म्हणजे कापडावर दिलेला प्लॅस्टिकचा थर. दमट हवेत हा थर हळूहळू आपोआप विरतो. तुम्ही ते वापरा, नाहीतर कुलपात ठेवा. आपल्याकडचा पावसाळा त्याला मारकच. 'लेदरेट', 'पीयू लेदर', 'व्हीगन लेदर' असली नावं दिसली तर बहुतेक वेळा आत हेच असतं. आणखी एक नाव आहे 'बॉन्डेड लेदर'. त्यात चामडं असतं, खोटं नाही, पण कसं? कारखान्यात उरलेलं कातरण दळून, गोंदात कालवून, थापून केलेलं. लाकडाचा भुसा दाबून फळी करतात, तसं. भुशाच्या फळीला लाकूड म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

ते पापुद्रे सुटलेलं जर्किन घेऊन मी माहेरी गेले. आबांना, म्हणजे वडिलांना, दाखवलं. आणि इथे मला थोडं मागे जावं लागेल.

आम्ही चर्मकार. आबा तरुणपणी मुंबईला गेले आणि चौतीस वर्षं धारावीत चामड्याच्या कारखान्यात राहिले. धारावीचा आणि चामड्याचा संबंध फार जुना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे तमिळनाडूकडून आलेल्या लोकांनी कातडी कमवायला सुरुवात केली. पुढे कमावण्याचं काम तिथून बरंचसं गेलं, पण शिवण्याचं राहिलं. आजही काळा किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्याने गेलात तर पिशव्या, पाकिटं, जर्किनं यांची दुकानं ओळीने लागतात. आबा आधी हातोडी मारायचे, मग मशीनवर बसले, शेवटी कटिंग मास्तर झाले. त्यांच्या हातची जर्किनं परदेशी जायची.

आबा सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना सोल्युशनचा वास यायचा. शिलाईआधी चामडं चिकटवतात, त्या गोंदाचा. शाळेत मुली नाक धरायच्या. मी सहावीत असताना ठरवून टाकलं की विचारलं तर सांगायचं, वडील मुंबईला कंपनीत आहेत. कसली कंपनी? कापडाची. लग्न होऊन या गावात आले तरी तेच. आपल्या गटात मला पंधरा वर्षं झाली, पण आबा नेमकं काय शिवायचे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. जात सगळ्यांना माहीत असते हो, ती लपत नाही. मी लपवत होते ते काम.

तर आबांनी ते जर्किन हातात घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं कडेला नख लावलं आणि म्हणाले, "माझ्या पोरीला रेक्झिन ओळखता आलं नाही." दुसरं काही बोलले नाहीत. मला फार लागलं ते. चौतीस वर्षं त्यांनी चामडं हाताळलं आणि मी एकदाही विचारलं नाही की कसं ओळखायचं.

मग त्यांनी शिकवलं. तेच तुम्हाला सांगते.

अंगठा दाबा. खऱ्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक बारीक सुरकुत्या पडतात, आपल्या हाताच्या पाठीवर पडतात तशा. प्लॅस्टिक नुसतं आत जातं आणि वर येतं. मग खिशाच्या आत, कॉलरच्या खाली, जिथे कड उघडी असेल तिथे बघा. चामड्याची कड खरबरीत, तंतू-तंतूंची. कापडावरचा थर असेल तर कडेला दोन पदर वेगळे दिसतात. वरची नक्षी नीट बघा. कातडीवरची भोकं आणि रेषा कधी एकसारख्या नसतात, कुठे दाट, कुठे विरळ. तेच डिझाइन वीतभर अंतराने पुन्हा पुन्हा आलं तर ते साच्याने उठवलंय. तसा साचा खऱ्या चामड्यावरही मारतात, म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका. आणि वास घ्या. लोक म्हणतात काडी लावून बघा, केस जळल्यासारखा वास आला तर चामडं. खरं आहे ते, पण दुसऱ्याच्या दुकानात काडी ओढू नका बाई.

आबा एक गोष्ट फार मन लावून सांगायचे, ती शेळ्या पाळणाऱ्या बायकांनी जरूर ऐका. शेळीची एक कातडी साधारण पाच चौरस फूट भरते. एका जर्किनला सगळं मिळून सात-आठ शेळ्यांची कातडी लागते, कारण सगळीच उपयोगी पडत नाही. म्हणजे लहानसं खांडच की! कटिंग मास्तर ती कातडी टेबलावर पसरतो आणि आधी नुसता बघत राहतो. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल. घट्ट भाग जर्किनच्या पाठीला आणि छातीला घेतात, सैल भाग काखेत, कॉलरखाली, जिथे नजर जात नाही तिथे. दोन्ही बाह्या एकमेकींना जुळतील अशा कातडीतून काढाव्या लागतात, नाहीतर एक बाही वर्षभरात लांब होते.

आणि त्या कातडीवर सगळं लिहिलेलं असतं. बोरीचा काटा ओढला गेला असेल, तारेच्या कुंपणात अडकली असेल, देवीचा रोग होऊन गेला असेल, गोचीड चावले असतील, सगळे डाग राहतात. वर केस असतात तोवर आपल्याला दिसत नाही, केस गेले की उघडं पडतं. गोचिडाने भरलेल्या कातडीला भाव मिळत नाही. सोलताना सुरी आत लागली तरी भाव पडतो. आबा म्हणायचे, "हात फिरवला की कळतं शेळी कशी सांभाळली होती." आपण शेळी विकतो आणि विसरतो, पण तिकडे कुणीतरी आपलं काम तपासत असतं.

आता जुन्या धाटणीच्या जर्किनची गोष्ट. मला ही मोठ्या कॉलरची, तिरक्या चेनची का आवडतात? आबांनी त्यांच्या मालकाकडे असलेल्या पुस्तकातली चित्रं बघून ती कापलेली होती. ती मूळ कुठली हे मी मग मुलीच्या मोबाइलवर शोधत बसले.

अमेरिकेत न्यूयॉर्कला अर्व्हिंग शॉट नावाचा माणूस होता. त्याने १९२८ साली मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी चामड्याचं जर्किन केलं आणि त्याला बटणांऐवजी चेन लावली. त्याच्या आवडत्या सिगारचं नाव होतं पर्फेक्टो, तेच जर्किनला दिलं. किंमत साडेपाच डॉलर. चेन सरळ मधोमध न लावता तिरकी, एका बाजूला. फॅशन म्हणून असेल असं मला वाटायचं. पण गाडीवर पुढे वाकून बसलं की सरळ चेन पोटापाशी गोळा होते, टोचते, आणि तिच्या फटीतून वारं शिरतं. तिरकी असली की छातीवर दोन पदर येतात. मी स्कुटीवर कॅन सांभाळत वाकून बसते, मला ते लगेच पटलं. पुढे १९५३ साली मार्लन ब्रँडो या नटाने 'द वाइल्ड वन' सिनेमात तसं जर्किन घातलं आणि ते टवाळ पोरांचं कापड ठरलं. तिकडच्या काही शाळांनी ते घालून यायला बंदी केली. कापडाचा काय दोष, पण माणसं कापडावरूनच जोखतात, हे आपल्याला नवीन नाही.

दुसरी जात विमानवाल्यांची. तेव्हाची विमानं उघडी असायची, वर थंडी भयंकर. अमेरिकन सैन्याने १९३१ साली वैमानिकांसाठी एक नमुना ठरवला, त्याला ए-टू म्हणतात. घोड्याच्या चामड्याचं, पुढे चेन, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी. कॉलर वाऱ्याने फडफडू नये म्हणून टिचबटण. माझ्याकडचं तपकिरी जर्किन याच नमुन्याचं आहे, पण शेळीचं.

हे वाचताना मला दोन गोष्टी सापडल्या आणि मग ही आवड सुटेना.

अमेलिया इअरहार्टचं नाव काहींनी ऐकलं असेल. एकटीने विमान उडवत अटलांटिक महासागर पार करणारी पहिली बाई, १९३२ साली. तिने १९२१ मध्ये शिकायला सुरुवात केली. शिकवणारीही बाईच होती, नेटा स्नूक. अमेलियाने हौसेने चामड्याचा नवा कोट घेतला. पण विमानतळावरच्या सगळ्यांचे कोट मळलेले, चुरगळलेले, आणि हिचा कोरा करकरीत. नवशिकी आहे हे लांबूनच कळायचं. मग तिने काय करावं? तीन रात्री तो कोट अंगात घालूनच झोपली, सुरकुत्या पडाव्यात म्हणून! मी हे वाचलं आणि एकटीच हसले. नवी सून सासरी आली की पहिल्या दिवशी मुद्दाम जुनी साडी नेसून चुलीपाशी बसते, तसलंच हे.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पुरुष वैमानिक कमी पडायला लागले. तेव्हा १९४२-४३ मध्ये बायकांना घेतलं. त्यांच्या तुकडीला 'वास्प' म्हणत. पंचवीस हजारांहून जास्त बायकांनी अर्ज केले, शिकून तयार झाल्या १,०७४. कारखान्यातून नवी विमानं काढून तळावर पोचवायची, दुरुस्त केलेली विमानं उडवून तपासायची, आणि विमानामागे कापडाचं निशाण ओढत न्यायचं, ज्यावर खालून शिपाई खऱ्या गोळ्यांचा सराव करायचे. अशी कामं. त्यांना दिलेले उडताना घालायचे कपडे पुरुषांच्या मापाचे होते. बाह्या दुमडून, कमरेला पट्टा आवळून त्या वावरायच्या. पण चामड्याच्या जर्किनवर त्यांनी छातीवर स्वतःचं चिन्ह लावलं होतं, पंख असलेली एक छोटी परी, फिफिनेला. वॉल्ट डिस्नेच्या चित्रकारांनी काढलेली.

अडतीस बाया कामावर असताना मेल्या. पण सरकारच्या लेखी त्या सैनिक नव्हत्या. त्यामुळे शवपेटीवर झेंडा नाही, घरच्यांना पेन्शन नाही, आणि प्रेत गावी पाठवायचा खर्चसुद्धा नाही. बरोबरच्या मुली आपापसात वर्गणी काढून मैत्रिणीला घरी पोचवायच्या. १९४४ च्या डिसेंबरात पुरुष परत यायला लागले तशी तुकडी बंद केली आणि 'घरी जा' सांगितलं. सैनिक म्हणून मान्यता मिळाली ती १९७७ साली. संसदेचं सुवर्णपदक मिळालं २०१० मध्ये, तेव्हा ज्या उरल्या होत्या त्या नव्वदीकडे झुकलेल्या.

ते फिफिनेलावालं खरं जर्किन आता संग्रहालयात बघायला मिळतं. माझ्यासारखीच्या हाती ते कुठलं यायला? पण माझ्या तपकिरी जर्किनच्या छातीवर मी तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही. मुलगी म्हणते दुधाची किटली लाव.

असो. ज्याला 'व्हिंटेज स्टाइल' म्हणतात, म्हणजे नवंच पण जुन्यासारखं केलेलं, त्याबद्दल माझं मत सांगते, पटलं तर घ्या. कारखान्यात नव्या चामड्याला पॉलिश कागदाने घासतात, पिंपात घालून गरगर फिरवतात, शिवणीवर रंग चढवतात-उतरवतात, की झालं चाळीस वर्षांचं. मला ते आवडत नाही. झीज भलत्याच ठिकाणी असते. कोपरापेक्षा खांद्यावर जास्त. खांद्यावर कोण रांगतं?

खरं जुनं कसं होतं ते बघण्यासारखं आहे. काही जुन्या काळ्या जर्किनांचं चामडं आतून तपकिरी असायचं आणि वरून काळा रंग. कडांवर, खिशाच्या तोंडाशी काळा रंग झिजला की खालून चहासारखा रंग डोकावतो. शौकीन लोक त्याला 'टी-कोअर' म्हणतात. जपानमध्ये असली जर्किनं मुद्दाम नव्याने बनवतात, पण झिजवत नाहीत. झिजवायचं काम घालणाऱ्याचं. हा प्रकार मला पटतो, परवडत मात्र नाही.

माझी बाकीची जर्किनं साधी. दोन पुण्याच्या जुन्या बाजारातली. एक तिथेच बाराशेला मिळालं, चेन तुटलेली होती म्हणून. चेन बदलायला साडेतीनशे. ते अंगात घातलं की एक गंमत जाणवते. बाहीवरच्या घड्या माझ्या कोपराच्या जागी नाहीत, दोन बोटं खाली आहेत. आधी कुणीतरी लांब हातांचा माणूस ते घालत होता. चार हिवाळे झाले, आता माझ्या कोपराशी नवी घडी पडायला लागली आहे. एक मी चुकीचं घेतलं, मेंढीच्या कातडीचं, लोण्यासारखं मऊ. मऊपणाला भुलले. काटेरी कुंपणाशी एकदा घासलं आणि फाटलं. मेंढीचं मिरवायला, शेळीचं कामाला, म्हशीचं जड पडतं, असा माझा अनुभव.

आणि साडीवर घालायचं तर कमरेपर्यंतचं आखूडच घ्या. लांब घेतलं तर निऱ्यांवर फुगून बसतं. पदर आधी कमरेला खोचायचा, मग चेन लावायची. मापाला जाताना आत स्वेटर घालूनच जा, आणि दुकानात हात पुढे करून गाडीचं हँडल धरल्यासारखं बसून बघा. लोक बघतात, बघू देत.

शिवणकाम करणाऱ्या बायका विचारतात, आपल्या मशीनवर होईल का? चेन बदलणं, अस्तर बदलणं होईल. पण लक्षात ठेवा, चामड्याला उसवणं माफ नाही. कापडातलं सुईचं भोक बुजतं, चामड्यातलं कायमचं राहतं. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत, कपड्याचे चिमटे किंवा गोंद वापरायचा. सुई चामड्याची वेगळी मिळते, टोकाला धार असलेली. टाका मोठा ठेवायचा, तीन-चार मिलिमीटर. बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी ओळीने भोकं पडतात आणि तिथूनच फाटतं. मी एक बाही अशी घालवली आहे. आबांनी बघून नुसतं "हं" केलं.

पावसाळ्याचं तेवढं सांगते, कारण इथेच जास्त नुकसान होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती साडीचा खोळ शिवा. बारीक तारेच्या हँगरवर टांगलं की खांद्याला शिंगं येतात, म्हणून रुंद लाकडी हँगर घ्या. आठ-दहा दिवसांनी कोरड्या दिवशी बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवा. पांढरी बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा. भिजलं तर चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, कडक होऊन तडकतं. आणि खोबरेल तेल चोपडू नका! मी चोपडलं होतं. काळपट झालं, चिकट झालं, आणि पुढच्या श्रावणात बुरशीने पाहुणचार केला.

आता सहावं जर्किन. ते आबांनी शिवलं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, आबा, तुम्ही एवढी जर्किनं कापली, एक तरी घातलं का? म्हणाले, "कशाला? मुंबईत उकडतं." बस, एवढंच. निवृत्त होताना त्यांनी नाकारलेल्या कातडीचे तुकडे आणले होते, डाग असलेले, मालकाने वजनावर दिलेले. ते दहा वर्षं पत्र्याच्या पेटीत होते. माझ्या फजितीनंतर त्यांनी ती पेटी उघडली. तेव्हा एका डोळ्याला मोतीबिंदू सुरू झाला होता. तीन महिने लागले. मशीन नव्हतं तिथे आरीने हात-शिलाई घातली. तिरकी चेन, मोठी कॉलर, पुस्तकातल्यासारखं. फक्त एक गोष्ट उलटी केली. गोचिडाच्या डागांची कातडी काखेत लपवायची असते ना? ती त्यांनी पाठीवर मधोमध घेतली. मी म्हटलं, आबा हे काय? म्हणाले, "इथे कोण मालक बघायला आहे? चांगलं चामडं आहे ते. नुसतं डागाळलंय."

गेल्या मार्गशीर्षात आपल्या गटातल्या एका बाईच्या मुलाचं लग्न होतं. पहाटे वऱ्हाड निघायचं, गारठा मरणाचा. मी हेच घातलं होतं. सगळ्या गाडीत बसल्या, आणि आमच्या अध्यक्षीणबाई बाहीला हात लावून म्हणाल्या, "विलायती दिसतंय गं. कुठून घेतलंस?"

तोंडाशी आलं होतं, 'घेतलं असंच एका सेलमधून.' सहावीपासूनची सवय. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी शिवलंय. ते धारावीत कटिंग मास्तर होते. हेच काम केलं त्यांनी जन्मभर."

गाडीत जरा शांतता झाली. मला वाटलं, झालं, आता बाहीवरचा हात मागे जाईल. अध्यक्षीणबाईंनी हात काढला, पण तो पाठीवर नेला, डागांच्या जागी, आणि विचारलं, "हे गोचिडाचं का?" त्यांच्याकडे बारा शेळ्या आहेत, त्यांना ओळखू आलं. मग मागच्या सीटवरची एकजण म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं जर्किन सोलतंय, तुझे वडील बघतील का?" दुसरी म्हणाली, "आणि माझी पर्स." वऱ्हाड पोचेपर्यंत सात वस्तू झाल्या होत्या. एक-दोघी काही बोलल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेही सांगायला हवं.

तर येत्या रविवारी दुपारी दोनला गटाच्या खोलीत आबा येणार आहेत. आता दुसऱ्या डोळ्यालाही कमी दिसतं, पण बोटांना सगळं कळतं. तुमच्याकडचं जर्किन, बॅग, पाकीट, काहीही आणा. खरं की खोटं तेवढं ते सांगतील, दुरुस्त होण्यासारखं असेल तर तेही सांगतील. बघायचे पैसे नाहीत. शिवायचे आहेत, ते मीच ठरवणार, कारण आबा फार कमी सांगतात.

आणि बायांनो, येताना ते धुऊन आणू नका.